निषेधाची मोजदाद

कोणताही निषेध माणसाचे स्वातंत्र्य हिरावून घेतो, ही समजूत इतकी सर्वमान्य आहे की तिची परीक्षा करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. रूढीचे कैवारी म्हणतात की हिरावलेल्या स्वातंत्र्याच्या मोबदल्यात समाजास स्थैर्य लाभते. रूढीचे विरोधक म्हणतात की हा मोबदला फार महागात पडतो. वाद चालतो तो किंमत योग्य की अयोग्य याविषयी. परंतु मुळात गेले किती आणि उरले किती, हा हिशेब दोन्ही पक्ष अंदाजावर सोडतात. वही न उघडताच देण्याघेण्यावरून भांडणाऱ्या कुळासावकारांसारखाच हा प्रकार होय. काही निषेध असे आहेत की त्यांचा हिशेब अगदी काटेकोरपणे मांडता येतो. तो मांडून पाहावा, आणि मांडल्यावर त्यातून नीतीच्या प्रश्नास कितपत उत्तर मिळते व कोठे मिळत नाही हेही पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

हिशेबाची रीत सोपी आहे. थोडीशी चिन्हे घ्यावी, त्यांच्या रांगा लावाव्या, आणि कोणते चिन्ह कोणत्या जागी किंवा कोणत्या चिन्हामागून येऊ नये एवढा नियम घालावा. मग एका चिन्हाच्या किती रांगा होतात, दोहोंच्या किती, तिहींच्या किती, हे क्रमाने मोजीत जावे. जी संख्यामाला मिळते तीच त्या नियमाची खरी जन्मपत्रिका. नियम तोंडाने कितीही कठोर वा सौम्य वाटो, त्याने वाव किती ठेवला हे ती माला सांगते.

ही विद्या आपल्याकडे परकी नाही. ती छंदःशास्त्राच्या कुशीतच वाढली. लघू अक्षराची मात्रा एक, गुरूच्या दोन. इतक्या मात्रा भरावयाच्या तर लघुगुरूंच्या रांगा किती, हा प्रश्न आपल्या शास्त्रकारांनी फार पूर्वी घातला आणि सोडविलाही. एका मात्रेची रांग एक, दोहोंच्या दोन, तिहींच्या तीन, चोहोंच्या पाच, पाचांच्या आठ, सहांच्या तेरा. प्रत्येक संख्या मागील दोहोंची बेरीज. कारण उघड आहे. रांगेच्या शेवटी लघू असेल तर त्यामागे एक मात्रा कमी असलेली कोणतीही रांग चालते, आणि गुरू असेल तर दोन मात्रा कमी असलेली. विरहांकाने आणि पुढे बाराव्या शतकात हेमचंद्राने हा नियम सांगितला. इटलीतील ज्या लिओनार्डो फिबोनाचीच्या नावाने ही माला जगभर ओळखली जाते, त्याचा ग्रंथ १२०२ मधला आहे.

आता या मोकळ्या मोजणीवर निषेध घालून पाहू, आणि त्यासाठी मोरोपंतांची आवडती गीती घेऊ. तिच्या प्रत्येक अर्धात चार मात्रांचे सात गण आणि शेवटी एक गुरू असतो. चार मात्रांची रूपे पाच, हे वर आलेच. मोकळीक पुरी असती तर सात गणांच्या रांगा पाचाचा सातवा घात, म्हणजे ७८,१२५ झाल्या असत्या. पण शास्त्राने येथे हात घातला. विषम जागी, म्हणजे पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या व सातव्या गणांत, जगण येऊ नये; कारण लघू, गुरू, लघू असा तो गण ऐन मधोमध जड होतो आणि चालीचा ठेका मोडतो. सहाव्या जागी मात्र जगण तरी असावा किंवा चारही लघू असावे. म्हणून विषम जागी चार रूपे, दुसऱ्या व चौथ्या जागी पाचही रूपे, सहाव्या जागी दोन, गुणाकार १२,८००. सहा रांगांतील जेमतेम एक उरली. पण दोन्ही अर्ध मिळून गीतीची रूपे किती झाली? १२,८०० चा वर्ग, म्हणजे १६ कोटी ३८ लक्ष ४० हजार. पंतांसारख्या अखंड लिहिणाऱ्या कवीस सारे आयुष्य याच वृत्तात घालवूनही त्याचा साठा संपविता आला नसता. निषेधाने गेले ते पुष्कळ हे खरे. पण उरले तेही कवीच्या हाताबाहेरचे होते, आणि जे गेले त्यामुळेच उरलेल्यास चाल लाभली.

येथवर कोणास आक्षेप नसावा. वृत्ताच्या बंधनाने कोणाचा संसार अडत नाही. पण हाच हिशेब जेथे माणसांच्या संसारास लागू पडतो अशा स्थळी जाऊ. पूर्वीच्या चांदा जिल्ह्याचा जो अरण्यमय पूर्वभाग १९८२ मध्ये गडचिरोली या नावाने वेगळा झाला, त्याच्या दक्षिणेकडील टोकास, पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्यांच्या संगमाजवळ हेमलकसा हे गाव आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी तेथे लोकबिरादरी प्रकल्प स्थापिला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या सेवेमुळे ते नाव महाराष्ट्रास ठाऊक झाले. परंतु या लेखास प्रयोजन आहे ते त्या प्रकल्पाहून पुष्कळ जुन्या गोष्टीशी. हा मुलूख माडिया गोंडांचा. चांद्याकडील गोंड समाजात कुळांची वाटणी ती कुळे किती देव पुजतात यावरून होते. कोणी चार देवांचे, कोणी पाचांचे, कोणी सहांचे, कोणी सातांचे. समान संख्येचे देव पुजणारी कुळे परस्परांची भाऊबंद ठरतात आणि त्यांच्यात सोयरीक होत नाही. रसेल व हिरालाल यांनी मध्यप्रांतांतील जातीजमातींवरील आपल्या १९१६ च्या ग्रंथात या वाटणीची नोंद केली आहे. इंद्रावतीपलीकडील बस्तरच्या माडियांविषयी ग्रिगसन याने १९३८ मध्ये लिहिले, त्यातही ज्यांच्याशी लग्न निषिद्ध ती दादाभाई कुळे आणि ज्यांच्याशी विहित ती अकोमामा कुळे, असा भेद आढळतो. सर्व ठिकाणी गट चारच असतात असे नव्हे. पण हिशेबासाठी चार धरू.

मूल बापाच्या देवांचे होते. म्हणून पुरुषपरंपरा लिहू गेल्यास आजा, बाप, मुलगा, नातू सारेच सहा देवांचे. रांगेत एकच अंक, त्यात मोजण्यासारखे काही नाही. पण स्त्रीपरंपरा लिहून पाहा. पणजी जन्माने कोणत्या देवांची, आजी कोणत्या, आई कोणत्या, मुलगी कोणत्या, असे अंक क्रमाने मांडा. मुलीचे देव तिच्या बापाचे, आणि बापाचे देव आईच्या माहेरच्या देवांहून निराळे असलेच पाहिजेत. एरवी ते लग्नच झाले नसते. म्हणून या रांगेत शेजारचे दोन अंक कधीही सारखे येत नाहीत. चार, सहा, पाच, सहा अशी रांग चालेल. चार, चार, पाच अशी चालणार नाही. लग्नाचा एक साधा निषेध येणेप्रमाणे एका अनुक्रमाचे व्याकरण होऊन बसतो, आणि ते व्याकरण कोणी लिहून ठेवलेले नसता आई, आजी, पणजी ते पिढ्यान् पिढ्या चालवीत आलेल्या आहेत.

मोजणी आता सहज आहे. पहिल्या जागी चार अंकांपैकी कोणताही. पुढील प्रत्येक जागी नुकताच आलेला सोडून उरलेले तीन. म्हणून माला झाली ४, १२, ३६, १०८, ३२४ आणि पुढे तिपटीतिपटीने. निषेध नसता तर ती ४, १६, ६४, २५६, १०२४ अशी चौपटीने गेली असती. अकरा स्त्रियांच्या, म्हणजे पहिलीनंतर दहा पिढ्यांच्या रांगा निषेधासह २,३६,१९६ होतात, आणि निषेधावाचून ४१,९४,३०४. सुमारे अठरांतील एक रांग शिल्लक राहिली. पिढ्या जितक्या वाढवाव्या तितका हा वाटा घटत जातो आणि अखेर नगण्य होतो. रूढीचा विरोधक म्हणेल, पाहा, स्वातंत्र्य जवळजवळ सर्व गेले. कैवारी म्हणेल, पाहा, उरलेल्या वाटा दर पिढीस तिप्पट होत आहेत. दोघेही खरे बोलतात. गेलेल्याचे प्रमाण आणि उरलेल्याचे माप या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्या वादांत त्यांची नित्य गफलत होते. ज्यास वाट चालावयाची आहे त्याने उरलेल्याचे माप पाहावे हे अधिक सयुक्तिक. कारण माणूस चालतो तो असलेल्या वाटांनी, नसलेल्यांच्या प्रमाणाने नव्हे.

ही रीत केवळ अरण्यातील आहे असे समजून शहरी वाचकाने तटस्थ राहण्याचे कारण नाही. सगोत्रविवाहाचा निषेध आपल्याही पुष्कळ घरांत होता, आणि कायद्याने तो अडसर १९४६ मध्ये दूर केला. तेथेही आजी, आई, मुलगी यांची जन्मगोत्रे ओळीने लिहिली तर हीच रांग मिळते. भेद इतकाच की चिन्हे अधिक असल्यामुळे एक वगळल्याचा भार हलका पडतो. आठांतून एक गेले तर सात उरतात. चारांतून एक गेले तर तीन.

मग चिन्हे कमी झाली तर काय होते? येथेच या विषयाचे मर्म आहे असे मला वाटते. गट तीन असतील तर माला ३, ६, १२, २४ अशी दुपटीने वाढते. वाव कमी, पण आहे. गट दोनच असतील तर? गोंडांच्याच प्रदेशात काही भागांत केवळ सहा देव व सात देव असे दोनच वर्ग असल्याचे नमूद आहे. तेथे शेजारी सारखे नको म्हटले की सहा, सात, सहा, सात किंवा सात, सहा, सात, सहा. दुसरी गतीच नाही. माला २, २, २, २ अशी जागच्या जागी उभी राहते. दहा पिढ्या जावोत की शंभर, पहिली स्त्री कोण हे ठरले की अखेरपर्यंतच्या सर्व ठरल्या. नियमाचे शब्द तेच आहेत. त्यात एका अक्षराचाही फरक झालेला नाही. तरीही चारांत जो निषेध होता तो दोहोंत आज्ञा झाला.

आपल्या मीमांसकांस वाक्याचे बाह्य रूप आणि त्याचे कार्य यांतील हा भेद चांगला ठाऊक होता. पाच नखांचे पाच प्राणी भक्ष्य होत, हे वचन दिसावयास परवानगीचे. पण परिसंख्येच्या न्यायाने त्याचे तात्पर्य त्या पाचांवाचून इतरांचा निषेध एवढेच, असे त्यांनी ठरविले. परवानगीच्या वेषातील निषेध त्यांनी ओळखला. आपणांस त्याची उलट बाजूही ओळखली पाहिजे: निषेधाच्या वेषातील आज्ञा. हे करू नको, असे म्हणणारा जेव्हा दुसरी एकच वाट उघडी ठेवतो, तेव्हा तो मना करीत नसून हुकूम करीत असतो. मात्र हुकमाची जबाबदारी तो आपल्या शिरावर घेत नाही. मी केवळ अमुक वर्ज्य केले, तमुक तर तुझे तूच निवडलेस, असे म्हणावयास तो मोकळा राहतो. म्हणून निषेधाची नैतिक परीक्षा करताना पहिला प्रश्न हा विचारावा की वर्ज्य वगळल्यावर किमान दोन वाटा उरतात काय. उरत असतील तर तो निषेध. न उरतील तर ती सक्ती, मग तिला नाव कोणतेही द्या.

उघड आज्ञेचा हिशेबही पडताळून पाहू. गोंडांत आतेमामे भावंडांचा विवाह इष्ट मानतात, आणि त्यास दूध परत करणे अशा अर्थाचे मोठे बोलके नाव आहे. त्यातील एक प्रकार असा समजा की मुलीने आईच्या माहेरीच परत गेले पाहिजे. तर आई सहा देवांची व मुलगी चारांची असल्यास नात पुन्हा सहांची, पणती पुन्हा चारांची. पहिले दोन अंक ठरले की पुढील सारी रांग ठरली. चार गट असूनही अशा रांगा कितीही लांबीस बाराच. प्रत्यक्षात ही चाल इष्ट असते, अनिवार्य नसते, आणि म्हणूनच ती सुसह्य असते. पण ती सर्वत्र अनिवार्य केली, तर तीनशेचोवीसांच्या जागी बारा ही तिची किंमत आहे. विधी हा निषेधाहून मधुर वाटतो, कारण त्यात प्रेमाचे काही करावयास सांगितलेले असते. वाव मात्र तो अधिक खातो.

येथे एक शंका येईल. जगात पुष्कळ ठिकाणी चिन्हे मुळातच दोन असतात. करावे की न करावे, बोलावे की गप्प राहावे, पेरावे की पडीक ठेवावे. तेथे प्रत्येक निषेध आज्ञाच ठरणार काय? नाही, आणि याचे उत्तरही त्याच अरण्यात सापडते. डोंगरउतारावरील झाडी तोडून, जाळून, त्या राखेत पेरण्याची पेंदा नावाची शेती माडियांत पूर्वापार होती. ती करणाऱ्यास एक निषेध पाळावाच लागे, आणि तो जातीचा नव्हे, मातीचा: तीच जमीन सतत पेरू नये. प्रत्यक्षात दोन तीन वर्षे पीक घेऊन मग दीर्घकाळ जमीन सोडीत. मोजणीसाठी आपण त्याहून साधा नियम घेऊ की दोन पिकांच्या मध्ये किमान दोन वर्षे विसावा असावा. चिन्हे दोनच, पीक आणि पडीक. पण निषेध एकाच बाजूस आहे. पिकावर आहे, पडीकावर नाही. विसावा हवा तितका लांबवावा. मग एका वर्षाच्या रांगा २, दोहोंच्या ३, तिहींच्या ४, पुढे ६, ९, १३, १९. माला वाढतच जाते.

ही माला पाहून गणिताच्या इतिहासाच्या जाणकारास एक जुनी ओळख पटेल. नारायण पंडिताने १३५६ मधील आपल्या गणितकौमुदीत गाईंचे एक उदाहरण घातले आहे. गाय दरवर्षी एक कालवड देते. ती कालवड तीन वर्षांची झाली की तीही दरवर्षी देऊ लागते. तर वीस वर्षांत किती गाई होतील? उत्तर, मूळ गाईसह २,७४५. आणि वीस वर्षांच्या शेताच्या आपल्या रांगाही मोजून २,७४५ च भरतात. हा योगायोग नव्हे. या वर्षीच्या गाई म्हणजे गेल्या वर्षीच्या गाई अधिक तीन वर्षांमागच्या गाई, कारण तितक्याच आता विणाऱ्या झाल्या. आणि शेताच्या रांगांत यंदा पडीक असेल तर त्यामागे एक वर्ष कमीची कोणतीही रांग, पीक असेल तर त्यामागे दोन पडीक वर्षे आणि त्याही मागे तीन वर्षे कमीची कोणतीही रांग. एकीकडे कालवडीस वाढावयास दिलेला अवधी, दुसरीकडे मातीस विसाव्यास दिलेला अवधी. दोहोंचे गणित एक. निषेधास सोसण्याजोगे करण्याचा हा दुसरा उपाय होय. चिन्हे वाढविता येत नसतील तर निदान एका चिन्हावर थांबून राहण्याची मुभा ठेवावी. जो नियम माणसास सतत इकडून तिकडे आणि तिकडून इकडे हलवितो, तोच दोन चिन्हांत गळफास होतो.

आता हिशेबाच्या मर्यादेकडे वळले पाहिजे. कारण येथवरचे विवेचन वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की वाव मोजावा, पुरेसा निघाल्यास नियम न्याय्य म्हणावा. तसे मुळीच नाही. दोन नियम शेजारी ठेवून पाहा. पहिला, कोणतेही चिन्ह आपल्याच शेजारी येऊ नये. दुसरा, चारांपैकी एक ठरावीक चिन्ह कोठेच येऊ नये. चार लांबीच्या रांगा पहिल्याने १०८ होतात, दुसऱ्याने ८१. लांबी कितीही वाढवा, दोहोंचे प्रमाण चारास तीन हेच राहते, आणि दोन्ही माला सारख्याच तिपटीने चालतात. केवळ संख्या पाहणाऱ्यास दोहोंत फारसा भेद दिसणार नाही. पण पहिल्यात चारही चिन्हांस एकच नियम आहे. प्रत्येकास काही सोडावे लागते आणि प्रत्येकास काही मिळते. दुसऱ्यात तीन चिन्हे जणू काही घडलेच नाही अशी नांदतात आणि चौथे वर्णमालेतूनच हद्दपार झालेले असते. सोयरिकीचा नियम पहिल्या जातीचा; अस्पृश्यता दुसऱ्या जातीची. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी पाणी प्याले, ते पाणवठ्यांची संख्या अपुरी होती म्हणून नव्हे. दुसरीकडे पाणी आहे, या उत्तराने त्यांचे समाधान होण्यासारखे नव्हते. कारण गाऱ्हाणे उरलेल्याच्या मापाचे नव्हते, वगळले जाण्याचे होते. नियमाने किती वाटा ठेवल्या हे संख्या सांगते; त्याने कोणास वाटेवरून उठविले हे ती सांगत नाही.

दुसरी उणीव याहून सूक्ष्म आहे. सोयरिकीच्या नियमात चारही गट समान आहेत हे खरे, पण त्याची हालचाल कोणाच्या पायांनी होते? पुरुषांची रांग सहा, सहा, सहा, सहा अशी स्थिर असते. रांगेत वैचित्र्य येते ते स्त्रियांच्या, आणि प्रत्येक बदललेल्या अंकामागे एक मुलगी जन्मघर सोडून गेलेली असते. ज्या विपुलतेचे आपण एवढे कौतुक केले, ती सर्व तिच्या स्थलांतराने लिहिलेली आहे. हे हेमलकशापुरते नाही. वर सगोत्राचा दाखला दिला त्या आपल्या घरांतही तसेच आहे. रांगेत तीन वाटा उघड्या असल्या तरी त्या वाटांपैकी एक निवडणारी ती असते की तिचा बाप, हे गणितास विचारून कळावयाचे नाही. मालेतील संख्या तीच राहते, निवड कोणाचीही असो.

आणि तिसरी उणीव. समजा एकाच देवसंख्येच्या मुलामुलीचे मन परस्परांवर जडले. त्यांस एकशेआठ रांगांचा काय उपयोग? त्यांस हवी असलेली रांग त्यांत नाही. समाज अनेक रांगांत जगतो. माणूस एकाच रांगेत, तीही एकदाच. म्हणून वाव विपुल आहे हे उत्तर समाजास देता येते, त्या दोघांस देता येत नाही. त्यांस नियमाचे कारणच सांगितले पाहिजे, आणि ते कारण आजही खरे असले पाहिजे. गावोगाव सोयरे असावे, अडीनडीस परके कोणी राहू नये, जवळच्या रक्तात विवाह होऊ नये, ही कारणे एके काळी सबळ होती आणि काही अंशी आजही आहेत. पण ती पुन्हा पुन्हा तपासण्याचे काम संख्येवर टाकता येत नाही. निषेध टिकतो तो मोजमापाने नव्हे, कारणाने. मोजमाप एवढेच करते की कारण सांगणाऱ्यास खोटे बोलू देत नाही.

तरीही मोजमापाचे हे काम लहान नाही, आणि त्याची सर्वांत अधिक गरज आज त्याच मुलखास आहे असे मला वाटते. अरण्यातील लोकांविषयी बाहेरचे लोक बोलतात तेव्हा बहुधा दोनच चिन्हे मांडतात. एक, ते आहेत तसेच राहावे. दुसरे, त्यांनी सर्व सोडून आपल्यासारखे व्हावे. एक पक्ष म्हणतो त्यांस बदलू नका. दुसरा म्हणतो त्यांस मागे ठेवू नका. दोन्ही वाक्ये निषेधाची, दोन्ही सद्हेतूची. आणि चिन्हे दोनच असल्यामुळे दोन्ही वाक्ये हुकूम होतात. २, २, २ या मालेत हा सारा वाद अडकून पडला आहे. अरण्याच्या मालकीविषयीही तसेच झाले. १९२७ च्या वनकायद्याने आखलेल्या व्यवस्थेत जंगल सरकारचे, आणि शेत ज्याचे त्याचे. ज्या जंगलावर सारे गाव जगते ते गावाचे म्हणावे, असे तिसरे चिन्हच व्यवहारात जवळजवळ उरले नव्हते. म्हणून लाकूडफाटा, बांबू, मोहफूल यांविषयीचा प्रत्येक मनाईहुकूम आदिवासीस एकाच वाटेकडे ढकलीत असे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाचा सामूहिक हक्क मान्य केला. आणि याच गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मेंढा या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर तसा हक्क मिळाला. त्या गावाने जंगलात सर्व काही मुक्त केले नाही. उलट काय तोडावे, कधी तोडावे, किती तोडावे यांचे निषेध आपल्यावर आपणच घातले. निषेध नाहीसे झाले नाहीत. चिन्ह एक वाढले, आणि निषेध घालणारे व पाळणारे एक झाले. एवढ्याने त्या निषेधांची जात पालटली.

शाळेविषयीही हेच म्हणता येईल. हेमलकशास १९७६ मध्ये आश्रमशाळा सुरू झाली. घरी माडिया बोलणारे मूल मराठी पुस्तकापुढे बसते तेव्हा त्यास जर असे शिकविले की ही भाषा किंवा ती, तर ते मूल कोणतेही निवडो, निवड त्याची नव्हे. घरची बोली हवा तितका वेळ ओठांवर राहू द्यावी, जसे पडीक हवे तितके लांबवू द्यावे. आणि मराठी तिच्या शेजारी यावी, तिच्या जागी नव्हे. त्या शाळेत शिकलेल्यांपैकी काहीजण डॉक्टर व शिक्षक होऊन आपल्याच मुलखात काम करू लागले आहेत. आहेत तसेच राहावे आणि सर्व सोडून जावे, या दोहोंपैकी कोणत्याही चिन्हाने त्यांची रांग लिहिता येत नाही.

नियमावाचून समाज नाही, आणि निषेधावाचून नियम नाही. तेव्हा निषेध असावा की नसावा हा वाद व्यर्थ आहे. प्रत्येक निषेधास विचारावयाचे प्रश्न चारच आहेत. तुझ्यामागे किमान दोन वाटा उरतात काय? तू सर्वांस सारखा लागू आहेस, की कोणास वर्णमालेतून पुसतोस? तुझ्या पालनाचे ओझे कोणाच्या पायांवर पडते, आणि चालणारा वाट स्वतः निवडतो काय? आणि तुझे कारण आजही जिवंत आहे काय? यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर बोटांवर मोजता येते. उरलेल्या तिहींचे येत नाही, म्हणून ते अवघड आहेत. परंतु जे मोजता येते तेही न मोजता जो नियम घालतो, त्याच्याकडून न मोजता येणाऱ्याचा न्याय होईल अशी आशा कोणी धरू नये.